विचारा बिनधास्त : ध्रुवावर बारा महिने बिऱ्हाड करता येईल का?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले निम्मे बर्फाचे आहेत. गेल्या अंकात आपण हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राबद्दल चार ओळी छापल्या काय आणि लोकांना एकदम अंटार्क्टिकाची ओढ लागली काय. मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, असले प्रश्न सुचतात यात नवल नाही म्हणा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार सर, आमच्याकडे डिसेंबरात रात्री १९-२० अंश झालं की आजी कानाला मफलर बांधून बसते. तिकडे उणे ८९ म्हणतात. अशा ठिकाणी माणूस बाराही महिने राहू शकतो का, की उन्हाळ्यात जाऊन फोटो काढून परत येतात सगळे? (एक वाचक, सांखळी)

राहू शकतो काय, राहतोच आहे. दक्षिण ध्रुवाच्या ऐन टोकावर अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट स्टेशन आहे, तिथे १९५७ पासून एकही हिवाळा रिकामा गेलेला नाही. अर्जेंटिनाचं ऑर्कादास तर १९०४ पासून चालू आहे, ते जरा उत्तरेकडे बेटावर आहे पण मोजायला हरकत नाही. आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये इथूनच निघाली, आपल्या मुरगाव बंदरातून, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या हाताखाली २१ जण, नॉर्वेचं 'पोलर सर्कल' नावाचं जहाज भाड्याने घेऊन, आणि तेही फारसा गाजावाजा न करता. ती मंडळी तुम्ही म्हणता तशी उन्हाळ्यात जाऊन परत आली. पण पुढे १९८४ मध्ये कर्नल शर्मांच्या १२ जणांच्या तुकडीने दक्षिण गंगोत्रीवर अख्खा हिवाळा काढला. ते स्टेशन बर्फाच्या लादीवर उभं होतं, वरून बर्फ साचत गेलं आणि हळूहळू ते गाडलंच गेलं, १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं. म्हणून मग १९८९ मध्ये 'मैत्री' बांधताना बर्फ नसलेला खडक शोधला, शिरमाकर ओएसिस म्हणतात त्या भागाला, शेजारी तळं आहे त्याला प्रियदर्शिनी नाव दिलंय, पाणी तिथून येतं. २०१२ मध्ये 'भारती' झालं, ते तर १३४ कंटेनर जोडून केलंय, आपल्या बंदरावर रचलेले असतात ना तेच मालाचे कंटेनर. दोन्ही ठिकाणी हिवाळाभर माणसं असतात, वीस-पंचवीस डोकी.

आता ते उणे ८९. हा आकडा खरा आहे, उणे ८९.२, तारीख २१ जुलै १९८३, ठिकाण वोस्तोक, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचं स्टेशन. पण तो आकडा सगळ्या खंडाला चिकटवू नका. वोस्तोक समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. बर्फच तेवढा जाड आहे हो तिथे. म्हणजे थंडी आहेच, वर हवाही विरळ, चार पावलं भराभर टाकली की धाप लागते. आपलं मैत्री किनाऱ्याच्या बाजूला आहे, तिथे कडाक्याच्या हिवाळ्यात उणे तीस-पस्तीसच्या घरात जातं आणि उन्हाळ्यात कधीकधी शून्याच्या वरही येतं. मैत्रीवर माणसाला जास्त छळतो तो वारा. बर्फाळ पठारावरची थंड जड हवा उताराने खाली घसरत येते, तिचा वेग असा असतो की बाहेर उभं राहता येत नाही, हिमवादळात तर स्वतःचा हात दिसत नाही म्हणून इमारतींमधे दोर बांधून ठेवतात आणि तो धरून जातात.

आणि खरं सांगू का, थंडी ही त्यातली सोपी अडचण आहे. थंडीवर उपाय माहीत आहेत, जाड इन्सुलेशनच्या भिंती, थरावर थर कपडे, आणि आत हीटर. स्टेशनच्या आत वीसेक अंश असतं, म्हणजे तुमच्या आजीच्या मफलरवाल्या हवेएवढं. आतमधे लोक टीशर्टात कॅरम खेळत बसतात.

खरी भानगड आहे ती सामानाची. आपल्याकडे पावसाआधी पुरुमेंत भरतात ना, खारे बांगडे, सोलं, चिंचेचे गोळे, उकडे तांदूळ, मिरच्या, सगळं मे महिन्यात घरात येऊन पडलं पाहिजे कारण एकदा पावसाने झोडपायला सुरुवात केली की बाजारही नाही आणि होडीही नाही, तर अंटार्क्टिका म्हणजे वर्षभराचं पुरुमेंत. फरक एवढाच की आपल्याला विसरलेली हळद शेजारणीकडे मिळते. तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा केपटाऊनहून विमानं येतात, जहाज येतं, जहाजातून डिझेल, धान्य, औषधं, सुटे भाग उतरतात. मग समुद्र गोठायला लागतो आणि जहाज निघून जातं. त्यानंतर सात-आठ महिने कोणी येत नाही. जनरेटरचा एखादा नट पुरेसा आणला नसेल तर नाही आणला, बसा मग तो लेथवर घडवत.

सगळा जीव त्या जनरेटरमधे असतो. साधं डिझेल त्या थंडीत घट्ट होऊन पाइपातच बसतं, म्हणून वेगळं, थंडीत न गोठणारं इंधन न्यावं लागतं. वीज गेली की हीटर गेला, हीटर गेला की पाण्याचे पाइप गोठले, पाइप गोठले की फुटले. आणि सगळ्यात मोठी भीती कशाची तर आगीची! लोकांना हसू येतं ऐकून, एवढ्या बर्फात आग. पण हवा इतकी कोरडी असते की लाकूड-प्लास्टिक पटकन पेटतं, वर वारा, आणि विझवायला पाणी कुठून आणणार, सगळं तर गोठलेलं. १२ एप्रिल १९८२ ला वोस्तोकवर हेच झालं, वीजघराला आग लागली, एक माणूस गेला, मुख्य जनरेटर सगळे गेले. हिवाळा तोंडावर, विमान उतरणं शक्य नाही. उरलेल्या वीस जणांनी हाताला मिळेल त्यातून शेगड्या बनवल्या आणि एकाच इमारतीत दाटीवाटीने अख्खा हिवाळा काढला, आणि काढला म्हणजे नुसतं जिवंत राहिले नाहीत तर कामही चालू ठेवलं. पुढच्याच वर्षी त्याच जागी तो उणे ८९.२ चा आकडा नोंदला गेला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की बारा महिने मुक्काम करता येतो, पण तो सगळा जहाजाच्या जिवावर. सलग दोन वर्षं जहाज पोचलंच नाही असं धरलं तर एकही स्टेशन तग धरणार नाही, कितीही मोठ्या देशाचं असो.

प्रश्न : काका, मग एस्किमो लोक हजारो वर्षं कसे राहिले? त्यांच्याकडे ना जनरेटर ना जहाज. (एक वाचक, मडगाव)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण वरच्या उत्तरातली अर्धी गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत. तुम्ही ज्यांना एस्किमो म्हणता ते स्वतःला इनुइट म्हणवतात, आणि ते उत्तरेकडचे, आर्क्टिकचे. दोन टोकं सारखी दिसतात पण उलटी आहेत. उत्तरेला मधे समुद्र आणि भोवती जमीन, दक्षिणेला मधे जमीन आणि भोवती समुद्र. उत्तरेकडे सायबेरिया, अलास्का, कॅनडा हे सगळं खालच्या जगाशी जोडलेलं, त्यामुळे माणूस पिढ्यान्‌पिढ्या चालत चालत वर सरकत गेला, रेनडिअरच्या मागे, माशांच्या मागे. अंटार्क्टिकाला असा रस्ताच नाही. तिथे जमिनीवर चरणारं एक जनावर नाही. म्हणून तिथे मूळ रहिवासी कधी नव्हतेच.

इनुइटांचं शहाणपण बघायचं तर घरात बघा. आपल्याला इग्लू माहीत, पण बर्फाचं घर बऱ्याच ठिकाणी शिकारीला गेल्यावरचं असायचं, पक्कं हिवाळी घर दगड-मातीचं, गवताच्या ढेपांनी लिंपलेलं. दोन्हीत दार मात्र खालून. म्हणजे आत शिरायचा बोळ जमिनीच्या पातळीपेक्षा खोल आणि झोपायचा ओटा उंच. थंड हवा जड असते, ती बोळातच पडून राहते, गरम हवा वर ओट्याशी अडकते. पंखा नाही, मोटर नाही. उजेडाला आणि स्वयंपाकाला सीलच्या चरबीचा दिवा, चंद्रकोरीच्या आकाराच्या दगडी पात्रात शेवाळाची वात लावलेला. कपडे कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्याचे, दोन थर, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर, मधे हवा कोंडलेली.

खाण्याचं तर अजूनच. भाजी नाही, लिंबू नाही, तरी स्कर्वी होत नव्हता, कारण व्हेलची कातडी आणि सीलचं काळीज कच्चं खाल्लं की त्यात क जीवनसत्त्व मिळतं, शिजवलं की बरंचसं जातं. त्याच काळात युरोपातले मोठमोठे दर्यावर्दी डबाबंद खाऊन हिरड्या सुजून मरत होते. १८९८ मध्ये बेल्जिका नावाचं बेल्जियमचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं, तिथला तो पहिला मुक्कामी हिवाळा, तेव्हा फ्रेडरिक कुक नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं आणि लोक सुधारले. हा कुक आधी ग्रीनलंडला इनुइटांमधे राहून आला होता, हे मुद्दाम सांगतो.

आणि नुसत्या पाड्यांचीच गोष्ट नाही. सायबेरियातलं याकुत्स्क घ्या, तीन लाखांवर माणसं. आपलं पणजी, मडगाव, वास्को आणि म्हापसा यांची २०११ च्या जनगणनेतली पालिका हद्दीतली डोकी एकत्र केली तरी तेवढी भरत नाहीत. जानेवारीत तिथे उणे चाळीसच्या आसपास नेहमीचंच. घरं खांबांवर उभी, कारण खाली कायम गोठलेली जमीन आहे, घराची ऊब तिला लागली तर ती वितळून घरच कलतं. बाजारात मासे कडक होऊन टोपल्यांत उभे ठेवलेले असतात, वर बर्फ घालायची गरज नाही, मडगावच्या मासळी बाजारातल्या बायकांनी ते बघितलं तर हेवा वाटेल. पण याकुत्स्कला उन्हाळ्यात तिशीपर्यंत तापतं, नदी आहे, घोडे पाळतात, गुरं आहेत. हाच फरक. थंडी कितीही असू दे, वर्षातले चार महिने जमीन काहीतरी देत असेल तर माणूस टिकतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं होतं की नॉर्वेच्या एका बेटावर व्हिसा लागत नाही आणि तिथे मरायला कायद्याने बंदी आहे. खरं की थापा? (एक वाचक, म्हापसा)

अर्धं खरं, अर्धी थाप. ते स्वालबार्ड. १९२० च्या करारामुळे तिथे राहायला व्हिसा लागत नाही, आपल्यालाही नाही. पण तिथे जाणारं विमान नॉर्वेतून सुटतं आणि नॉर्वेत पाय ठेवायला शेंगेन व्हिसा लागतो, तो आधी काढा. शिवाय स्वतःच्या पैशाने पोट भरता आलं पाहिजे, नाहीतर गव्हर्नर परत पाठवू शकतो.

मरायला बंदी असा कायदा नाही. झालंय काय की लाँगयिरब्येन गावातल्या स्मशानात १९५० पासून शवपेटी पुरत नाहीत, कारण गोठलेल्या जमिनीत शरीर कुजत नाही आणि जमीन पुरलेलं हळूहळू वर ढकलते. अस्थिकलश चालतो, परवानगी घेऊन. गरोदर बाईला प्रसूतीच्या आधी काही आठवडे मुख्य भूमीवर जावं लागतं, वृद्धांची सोय नाही. सुमारे अडीच हजार लोकांचं गाव आहे, शाळा आहे, सुपरमार्केट आहे, आणि गावाच्या हद्दीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलापासून बचावाची सोय जवळ बाळगावी लागते. मला विचाराल तर जिथे जन्म आणि मरण दोन्ही बाहेर जाऊन उरकावं लागतं त्याला मी मोठा कॅम्पच म्हणेन, नॉर्वेवाले रागावले तरी चालेल. आपलं 'हिमाद्री' स्टेशन २००८ पासून तिथेच वर न्यू-ओलेसुंडला आहे.

प्रश्न : सहा महिने अंधार म्हणे. माणूस वेडा नाही होत? आणि मधेच आजारी पडला तर? बायकाही जातात का? (एक वाचक, कुडचडे)

सहा महिने अंधार फक्त ऐन ध्रुवावर. मैत्रीवर साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही, मे अखेर ते जुलै अखेर. वेडं कोणी होत नाही पण बिघडतं बरंच काही. झोपेचं चक्र फिरतं, थायरॉइडच्या हार्मोनचं गणित बदलतं, विसरायला होतं, एकाच माणसाच्या चमच्याच्या आवाजाने डोकं उठतं. जर्मनीच्या नॉयमायर स्टेशनवर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूचे स्कॅन काढले होते, २०१९ मध्ये छापून आलं, स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा काही भाग आक्रसलेला दिसला. नऊ जण म्हणजे फार नाहीत, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. म्हणूनच सगळ्या स्टेशनांवर सण-वाढदिवस जोरात करतात, आणि मधल्या हिवाळ्यात, २१ जूनला, सगळे देश एकमेकांना शुभेच्छा पाठवतात.

आजाराचं म्हणाल तर सोबत डॉक्टर असतो. पण डॉक्टरच आजारी पडला तर? मैत्रीपासून जवळच रशियाचं नोव्होलाझारेव्स्काया स्टेशन आहे, तिथे ३० एप्रिल १९६१ ला लिओनिद रोगोझोव्ह या तरुण डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. तिथे दुसरा डॉक्टर नव्हता आणि वादळात विमान येणार नव्हतं. पोटाला भूल देऊन, अर्धवट बसून, समोर आरसा धरलेला, पण आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून बराच भाग त्याने हाताच्या अंदाजाने केला. धरायला होते एक मेकॅनिक आणि एक हवामानवाला. दोनेक आठवड्यांत कामावर रुजू! चिलीच्या व्हिया लास एस्त्रेयास या वस्तीत म्हणूनच कुटुंब घेऊन राहायला जाणाऱ्यांना आधी अपेंडिक्स काढून यावं लागायचं, मुलांनासुद्धा.

आणि हो, बायका जातात की. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस राहिल्या, वय छप्पन्न, २३ जणांत त्या एकट्याच बाई.

प्रश्न : तिथे भाजी पिकवता येत नाही का? ग्रीनहाऊस घातलं की झालं. (एक शेतकरी वाचक, केपें)

पिकते, मातीशिवाय. बाहेरची माती न्यायला परवानगी नाही, मातीबरोबर किडे-बिया येतात म्हणून. मुळांवर पोषक द्रव्यांचं पाणी आणि वर एलईडी. नॉयमायरजवळ जर्मन लोकांनी २०१८ मध्ये एका कंटेनरात असा मळा केला, वर्षभरात साधारण २७० किलो काकड्या, टोमॅटो, पालेभाजी निघाली. दहाबारा माणसांना वरचेवर ताजं तोंडी लावायला पुरतं आणि मनाला फार बरं वाटतं म्हणतात, पण भात-डाळ त्यातून नाही व्हायची, आणि दिव्यांना वीज लागते म्हणजे फिरून त्याच डिझेलवर येतो आपण.

प्रश्न : जमीन विकत मिळेल का? (एक वाचक, पर्वरी)

हा गोवेकरांचा खास प्रश्न! नाही. १९५९ चा अंटार्क्टिक करार आहे, त्यात देशांचे मालकीचे दावे गोठवून ठेवलेत, मग तुम्ही-आम्ही कोण. खाणकामाला १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने बंदी आहे, हेही सांगून ठेवतो, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. अर्जेंटिनाने मात्र हक्क दाखवायला गरोदर बाईला एस्पेरान्सा तळावर नेलं होतं आणि ७ जानेवारी १९७८ ला एमिलिओ पाल्मा जन्मला, त्या खंडावरचा पहिला माणूस. त्याने दावा काही पक्का झाला नाही.

प्रश्न : फेणी गोठते का हो तिथे? (नाव छापू नका, डिचोली)

छापत नाही. फेणीत चाळीस-बेचाळीस टक्के अल्कोहोल असतं, ती उणे २७-२८ च्या आसपास घट्ट व्हायला लागते, तेव्हा मैत्रीच्या हिवाळ्यात बाहेर ठेवलीत तर बाटलीत लगदा मिळेल. पण आधी दुसरी गोष्ट ऐका. दारू प्यायल्यावर ऊब वाटते ती फसवी असते, कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते. उणे तीसमधे त्या फसव्या उबेच्या नादात बाहेर राहिलात तर बोटं जातील. आत बसून प्या.

प्रश्न : दादा, मी आयटीआय केलंय, डिझेल मेकॅनिक. असल्या ठिकाणी फक्त शास्त्रज्ञच घेतात ना? (एक वाचक, फोंडा)

मुळीच नाही, उलट तुमच्यासारख्यांशिवाय शास्त्रज्ञांचं एक दिवस चालणार नाही. वरचं जनरेटरचं रामायण वाचलंत ना? हिवाळी तुकडीत शास्त्रज्ञ थोडे, बाकी डॉक्टर, जनरेटर मेकॅनिक, बर्फावरच्या गाड्यांचे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, संपर्काची माणसं आणि स्वयंपाकी. स्वयंपाकी चांगला असेल तर तुकडी चांगली, असं सगळेच सांगतात. या जागा सड्यावरचं केंद्र कंत्राटी पद्धतीने भरतं, जाहिरात त्यांच्या वेबसाइटवर येते. अनुभवाचे कागद तयार ठेवा, नुसत्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर घेत नाहीत, मोठे जनरेटर सेट हाताळल्याचा दाखला मागतात. निवड झाली की दिल्लीच्या एम्समधे कसून मेडिकल, त्यात मानसिक तपासणीही, आणि मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडून, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून, बर्फात चालायचं-पडायचं-उठायचं ट्रेनिंग. दात आधीच दाखवून घ्या, दाढ किडकी असेल तर ती इथेच काढून टाका, तिकडे जूनमधे ठणकायला लागली तर फार हाल होतात. आणि घरी नीट सांगून जा, कारण शिगमो, चवथ, दिवाळी सगळं चुकणार आहे आणि मधेच रजा टाकून येता येत नाही.